डोंगरावरचे व्याही

"आई, मी नोकरी सोडणार आहे," असं लेकीने सांगितलं तेव्हा मी सिंगापूरात, आमच्या आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊच्या बाजारात, कोपीचा, इथल्या कडक कॉफीचा, पहिला घोट तोंडात घेतलेला होता. तो गिळावा की थुंकावा, मला कळेना. तेवढ्यात तिने पुढचंही टाकलं, "आणि आम्ही लग्न करतोय. मग मी त्याच्या डोंगरावर राहायला जाणार. चहा करायला."

एका दमात तीन बातम्या. आणि त्या देताना बाईसाहेब आरामात टोस्ट खात होत्या.

तो म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. आमच्या घरामागच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका कंपनीत दोघं बरोबर काम करायची. मुलगा तैवानचा, उंच, कमी बोलणारा. घरी आला की दाराबाहेर चपला अशा नीट जोडून ठेवायचा की शेजारच्या आमच्या चपलांची मलाच लाज वाटायची. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. वर्षभरापूर्वी त्याचे वडील चहाच्या मळ्यात घसरून पडले, मनगट मोडलं, म्हणून तो नोकरी सोडून गावी गेला होता. आई आधीच गेलेली, दुसरं कुणी नाही. मला वाटलं, लांब गेला, आता विरेल हळूहळू. कसलं विरतंय!

"किती उंच आहे तो डोंगर?" मी विचारलं.

"महाबळेश्वर समज."

"महाबळेश्वरला दवाखाना आहे."

"तिथेपण आहे, आई. खाली. चिल लाह."

इथल्या पोरांचं ते 'लाह' मी सोडून दिलं, पण तो 'खाली' पुढे कितीतरी महिने माझ्या डोक्यात राहिला.

मी तांजोंग पगारला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. काय चुकू शकतं हे आधी शोधायचं, हाच माझा धंदा, आणि ऑफिस सुटलं तरी माझं डोकं काही सुटत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी त्या डोंगराचं हवामान बघायला लागले. तिथले रस्ते बघायला लागले. एका फोटोत रस्ता मधूनच खाली गेलेला, आणि त्याच्या तुटलेल्या काठावर एक पिवळी पाटी तेवढी उभी. तो फोटो मी ह्यांना दाखवला.

"अलीशान नाव आहे ना त्या भागाचं?" हे म्हणाले. "मग बंगला आलिशानच असणार. तू काळजी करू नकोस."

"तुम्ही थट्टा करा. मला इथे घास उतरत नाही."

"अगं, मन चिंती ते वैरी न चिंती. तुझ्या मनापेक्षा तो डोंगर बरा."

ह्यांचं असंच आहे. तुआसला जहाजांच्या दुरुस्तीत सगळा जन्म गेला, त्यामुळे वाकलेलं काहीही सरळ करता येतं असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मला माझी एकुलती एक मुलगी डॉक्टरपासून घाटाच्या अंतरावर नको होती. एवढंच. त्यात चहाचा दोष नव्हता, मुलाचा नव्हता, कुणाच्या जातीधर्माचा तर मुळीच नव्हता.

मग कळलं की मुलाचे वडील आम्हाला भेटायला येणार आहेत. मुलीला मागणी घालायला, असं मी धरून चालले. आता आपल्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. पोहे खायचे, हसून निरोप घ्यायचा आणि चार दिवसांनी कळवायचं, पत्रिका जमत नाही हो. कुणाचा अपमान नाही, कुणाचं वाईट नाही. ग्रहांनी केलं, आपण काय करणार! मी ठरवलं, हेच करायचं.

"पत्रिका? आपली तरी कुणी बघितली होती?" हे म्हणाले.

"म्हणूनच म्हणते, बघायला हवी होती."

लेकीला मी साळसूदपणे मेसेज केला की मुलाची जन्मवेळ पाठव. तिचं उत्तर यायला तासभरही लागला नाही. जन्मवेळ होती, जन्मगाव होतं, आणि खाली आणखी होतं. त्यांच्याकडेही जन्मवेळ जुळवून बघतात म्हणे. वडिलांनी आमच्या मुलीची वेळ पोराकडून आधीच घेऊन देवळात दाखवली होती. फारच उत्तम जुळत होतं. लग्नाला कुठला महिना चांगला, तेही देवळातून सांगून झालं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. हे मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. ज्या छत्रीखाली लपायचं, तीच पाहुण्यांनी आधी उघडून धरलेली!

बापलेक रविवारी सकाळी आले. मी टेक्का बाजारातून कढीपत्ता आणून पोहे केले होते. जेवायला श्रीखंड-पुरी. चक्का आदल्या दिवशीच फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगला होता. नाही म्हणायचं असलं म्हणून काय, जेवायला नीट घालू नये का?

मुलाचे वडील बुटके, उन्हाने रापलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि तो आजच पहिल्यांदा घातलाय हे दुरूनही कळत होतं. हातात पिशवी. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली छोटी मातीची किटली, अंगठ्याएवढे पेले आणि चहाची पाकिटं. उजवं मनगट जरा वाकडं राहिलं होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती. मध्ये ती दोघं दुभाषी म्हणून बसली. ज्यांच्याबद्दल बोलायचं, तेच दुभाषी! अकाउंट्समध्ये असं कुणी केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

मी आपला आल्याचा चहा दिला. त्यांनी दोन घोट घेतले, मान डोलावली आणि कप जपून खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. पोहे मात्र मागून घेतले. मग पोराला काहीतरी म्हणाले.

"बाबा विचारतायत, त्यांनी चहा केला तर चालेल का?" मुलाने इंग्रजीत विचारलं.

"छे छे, पाहुण्यांनी कसा चहा करायचा? बसा तुम्ही," म्हणत मी उठले, तर लेकीने माझा हात धरून मला खाली बसवलं. "आई, प्लीज. ही त्यांची पद्धत आहे." माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर मी पाहुण्यासारखी टेकून बसले.

त्यांनी किटलीत चहाच्या गोळ्या टाकल्या. गोळ्याच म्हणायचं, पानं कसली, वाळवलेल्या हिरव्या वाटाण्यासारखं दिसत होतं. वर उकळतं पाणी घातलं. आणि लगेच सगळं बाजूच्या भांड्यात ओतून दिलं!

"अगंबाई! टाकला की!"

"पहिलं पाणी पान जागं करायला असतं," लेक म्हणाली. तिच्या आवाजात असा काही अभिमान होता, की तो मळा तिनेच लावलाय.

मग पेले भरले. रंग बघितला तर नुसता पिवळसर. पहिला घोट घेतला आणि मनात म्हटलं, हे तर गरम पाणी. ह्याच्यासाठी माझी मुलगी नोकरी सोडतेय? पण गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून काहीतरी गोड वर आलं, दुधातली पहिली साय खाल्ल्यावर येतं तसं. मला राग आला. तो चहा मला आवडायला नको होता.

ह्यांनी पेला उचलला आणि सवयीप्रमाणे फुर्रर्र केलं. मी कोपर मारलं. ह्यांचं बशीतून चहा भुरकणं मी पंचवीस वर्षं सोडवतेय. तेवढ्यात समोरून त्याहून मोठा फुरका आला. म्हातारबुवा डोळे मिटून चहा ओढत होते, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सुप्रीम कोर्टातून निकाल लागला.

पुढे निराळीच गंमत झाली. आपल्यात पानात टाकायचं नाही, कपात ठेवायचं नाही. त्यांच्यात पेला रिकामा दिसला की भरायचा. आम्ही संपवतोय, ते भरतायत, आम्ही संपवतोय, ते भरतायत. हे दोनदा उठून बाथरूमला जाऊन आले. शेवटी लेक हसत म्हणाली, "नको असेल तर थोडा ठेवायचा असतो, बाबा." आधी नाही का सांगायचं?

मी मात्र हसत नव्हते. मी त्यांचं ते मनगट बघत होते. किटली उचलताना ते थरथरत होतं, आणि प्रत्येक वेळी माझ्या लेकीचा हात नकळत पुढे व्हायचा आणि मागे यायचा. सुट्ट्यांमध्ये तिकडे जाऊन जाऊन ती त्या हाताला सरावली होती.

"किती पिढ्यांचा मळा आहे?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

मुलाने विचारल्यावर वडील मोठ्याने हसले. पिढ्या कसल्या, मळा त्यांनी स्वतः लावलेला. त्यांचे आजोबा डोंगरावरची मोठाली जुनी झाडं तोडून खाली नेणाऱ्या रेल्वेवर कामाला होते. झाडं संपली. मग त्यांच्या वडिलांनी बांबू लावला, कोंब खायचे, काठ्या विकायच्या. चहा त्या काळी खालच्या टेकड्यांवर व्हायचा. इतक्या उंचावर, थंडीत आणि धुक्यात चहा लावायचा हे नवं खूळ त्यांच्या तरुणपणी निघालं. त्यांनी बापाचा बांबू खणून काढला आणि चहाची रोपं लावली. बाप कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. पण धुक्यात पान सावकाश वाढतं, त्याला गोडी येते, आणि आता लोक हाच आमचा वारसा म्हणून फोटो काढायला येतात. येणाऱ्यांना ते घरीच राहायला जागा देतात.

हे सगळं ऐकायला छान होतं. पण मी दुसरंच ऐकत होते. वडील खूप वेळ बोलायचे आणि मुलगा त्याची दोन वाक्यं करायचा. इकडे पानभर जमा, तिकडे दोन ओळी खर्ची. बाकीचं जातं कुठे?

मी सरळ विचारलं, "पावसात रस्ता कसा असतो?"

मुलाने विचारलं. वडील त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली बघून थोडंसं बोलले.

"बाबा म्हणतायत, आता काळजी नाही. सरकारने नवी भिंत बांधलीय," मुलगा म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा काही भिंतीबद्दल बोलणाऱ्याचा नव्हता. लेकीकडे बघितलं तर ती पेले पुसत होती. पुसलेलेच पेले.

श्रीखंड फेटायला म्हणून मी स्वयंपाकघरात आले. मागोमाग ते आले, रिकामी पाण्याची किटली दाखवत. मी पाणी उकळायला लावलं. त्यांची नजर नळाला टांगलेल्या पुरचुंडीवर गेली आणि चेहरा एकदम खुलला. विचारणं नाही, काही नाही, त्यांनी ती सोडवून ओट्यावर घेतली.

"अहो, अहो! चक्का आहे तो!"

त्यांनी हाताने थांब म्हटलं. खिशातून चहाची एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग पुरचुंडी दाखवली, मग पुन्हा गोळी. फडक्याची मान एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने पीळ द्यायचा, चेंडू घट्ट झाला की ओट्यावर गरागरा फिरवायचा. मग सोडायचं, मोकळं करायचं, पुन्हा बांधायचं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पानं अशी फडक्यात बांधून, पिळून त्याच्या गोळ्या होतात तर! मला इतकी मौज वाटली की मी क्षणभर सगळं विसरले.

त्यांनी पीळ द्यायला घेतला. उजवं मनगट फिरेना. पुन्हा जोर लावला, तोंड वेडंवाकडं झालं, फडकं सैल ते सैलच. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. मग पुरचुंडी माझ्याकडे सरकवली. मी जन्मभर चक्का बांधत आलेली बाई. दिला एक सणसणीत पीळ. चेंडू दगडासारखा झाला आणि पाणी ओघळून सिंकमध्ये गेलं. त्यांनी अंगठा वर केला आणि हॉलच्या दिशेने मान हलवून हसले. लेकीला पण येतं, असं म्हणत असावेत. तिच्या हातात माझा पीळ आहे, हे मला तेव्हा कळलं.

हॉलमधून हसण्याचा आवाज येत होता. आम्ही दोघंच होतो, दुभाषी बाहेर. मी हिंमत केली.

"रेन," मी म्हटलं, बोटांनी पाऊस पाडून दाखवला. "रोड?"

ते अगदी स्वच्छ म्हणाले, "रोड क्लोज." घरी राहायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगायला लागणारे तेवढे इंग्रजी शब्द त्यांना पाठ होते. वेलकम. टी. हॉट. रोड क्लोज. रोड ओपन.

मग खिशातून फोन काढला. फोटोत चहाच्या झुडपांमध्ये एक बाई, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं, फक्त हसरे डोळे दिसतायत. त्यांनी आपल्या छातीवर हात दाबला. "रोड क्लोज." मग दोन्ही हातांनी गाडीचं चाक धरल्यासारखं केलं, थोडं पुढे गेले, थांबले, वळले. दुसरीकडे गेले, थांबले, वळले. मग हात खाली सोडले.

लेकीने मला सांगितलं होतं, त्याची आई हार्ट अटॅकने गेली. रस्त्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी हॉलकडे बोट केलं. "गर्ल… नो." दोन्ही हातांची फुली केली. मग माझ्याकडे बोट. "यू से नो." आणि स्वतःकडे बोट करून मान हलवली. "आय से… सन नो टॉक." आणि हात जोडले. खरंच जोडले, आपल्यासारखे.

म्हणजे हा माणूस मागणी घालायला आलाच नव्हता. तुमच्या मुलीला तिथे येऊ देऊ नका, हे सांगायला तो विमानात बसून आला होता. देवळातही माझ्यासारखाच, न जुळण्याच्या आशेने गेला असणार. स्वतः नाही म्हटलं तर पोरगा बोलणं टाकेल, जसं बांबूपायी म्हाताऱ्याच्या बापाने टाकलं होतं. म्हणून नाही मी म्हणायचं.

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. पत्रिकेने जे दिलं नाही ते खुद्द मुलाच्या बापाने हातात आणून ठेवलं होतं. आता बाहेर जायचं आणि म्हणायचं. काम झालं.

मी मान डोलावली. ते पाणी घेऊन बाहेर गेले आणि मी श्रीखंड फेटायला लागले. साखर घातली, वेलदोडा घातला. चक्का नेहमीपेक्षा घट्ट झाला होता, हात भरून आला. आणि फेटता फेटता मला माझी आई आठवायला लागली. नको तेव्हा आठवते ती, तिची सवयच आहे.

मी तान्ही पोर घेऊन सिंगापूरला निघाले तेव्हा आईने जा किंवा नको काहीच म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाली, पोचलीस की शेजाऱ्यांच्या फोनवर दोन रिंगा दे आणि ठेव, मी समजेन. ती दिवसभर शेजाऱ्यांच्या दारात बसून राहिली होती, हे मला नंतर वहिनीने सांगितलं. आणि ती गेली तेव्हा मी पोचले नाही. इथे दरड नव्हती, पूर नव्हता. विमानं होती, रस्ते सगळे उघडे होते. तरी नाही पोचले. मी तिच्यासाठी जन्मभर रोड क्लोजच होते.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख आली. मी नाही म्हटलं तर माझी मुलगी थांबणार आहे का? तिच्या मनगटात कुणाचा पीळ आहे? ती जाणारच. फक्त मग ती मला कधीही खरं सांगणार नाही. फोनवर सगळं छान असेल. भिंत बांधलेली असेल. आणि मी इथे बसून तो पिवळ्या पाटीचा फोटो बघत राहीन.

श्रीखंडाचं पातेलं घेऊन मी बाहेर आले. म्हातारबुवा पेला हातात धरून माझ्याकडे टक लावून बसले होते.

"मला बोलायचंय," मी मुलाला इंग्रजीत म्हटलं. "मी जे म्हणेन ते वडिलांना शब्दन् शब्द सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "आई—"

"तू बोलायचं नाहीस."

ह्यांनी पेला खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना विनोद सुचला नव्हता.

"लग्न करा. तिकडे राहा," मी म्हटलं. "माझी एकच अट आहे. पाऊस आला, वादळ आलं, की मला फोन हवा. तुझा नको. हिचा नको. तुम्ही दोघं मला बरं वाटेल तेच सांगाल. फोन तुझ्या वडिलांनी करायचा. स्वतः. खरं असेल ते."

मुलाने सांगितलं. शब्दन् शब्द सांगितलं असावं, कारण त्याचा आवाज मध्येच फाटला. लेक उठून माझ्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत रडायला लागली, "आई गं, आई गं." पण मी म्हाताऱ्याकडे बघत होते. त्याने पेला टेबलावर ठेवला. माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. हात जोडून मागितलं होतं बिचाऱ्याने, मी मान डोलावली होती, आणि बाहेर येऊन उलटं केलं. ते जेवले, श्रीखंड दोनदा घेतलं, पण जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही की एक खूण नाही.

लग्न तिकडे डोंगरावर झालं. घाटात मला तीनदा गाडी थांबवायला लावावी लागली. धुकं असं की पुढची गाडी दिसत नव्हती. ती नवी भिंत मी डोळ्यांनी बघितली, आणि तिच्या पलीकडे डोंगराची लाल जखमही बघितली. मळ्याच्या कडेला बांबूचं एक छोटं बेट होतं. बापाची तेवढी आठवण त्यांनी ठेवली होती. लेक उन्हात पसरलेली पानं ओंजळीत घेऊन नाकाशी धरत होती, व्याह्यांनी ठीक म्हणून मान हलवेपर्यंत पुन्हा पुन्हा. सगळ्यांशी हसून वागणारे व्याही माझ्याशी मात्र कामापुरते वागले. त्यांचा नंबर मी फोनमध्ये घातला, पण फोन करतील अशी खात्री मला कुणी दिली नाही. वचन मी मागितलं होतं. त्यांनी कुठे दिलं होतं?

त्या उन्हाळ्यात पहिलं मोठं वादळ तैवानच्या दिशेने निघालं. ऑफिसच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात मी तो पांढरा भोवरा उघडून ठेवला होता. लेकीचा मेसेज आला, "एव्हरीथिंग ओके लाह, आई. नुसती भुरभुर." खाली हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा बघून मी वादळाची खिडकी स्क्रीनभर मोठी केली.

थोड्या वेळाने फोन वाजला. स्क्रीनवर 'व्याही'. मी टेबलावरचा स्टेपलर पाडत फोन उचलला. पलीकडे नुसता वाऱ्याचा आणि पत्र्याचा आवाज. मग त्यांचा.

"रोड क्लोज."

आणि फोन बंद.

त्यानंतर काहीच नाही. लेकीचा फोन लागेना, मुलाचा लागेना, व्याह्यांचा लागेना. टॉवर पडला असेल, हे म्हणाले. हे आता थट्टा करत नव्हते. कामावरून आले की चपला न काढताच माझ्या हातातला फोन बघायचे. मी देवापुढे दिवा लावायची आणि हवामान बघायची, दोन्ही एकाच हाताने. एक घास तोंडात घातला की मला ते चाक फिरवणारे हात दिसायचे. पुढे जातायत, थांबतायत, वळतायत. मी हो म्हटलं होतं. त्या माणसाने हात जोडून सांगितलं होतं, नाही म्हण, आणि मी हो म्हटलं होतं. तिला काही झालं तर हे तोंड मी कुणाला दाखवणार होते?

लेकीने पाठवलेलं नव्या चहाचं पाकीट फळीवर होतं. मला ते उघडवेना. मी ते ऑफिसला घेऊन गेले, का ते मला विचारू नका. बॅगेत बरं वाटत होतं.

आणि एके दिवशी दुपारी पँट्रीत उभी होते, मगमध्ये गरम पाणी घेतलं होतं, तेव्हा फोन वाजला. व्याही. हातातला मग खाली ठेवून मी बटण दाबलं.

"हॅलो? हॅलो?"

"रोड ओपन," ते म्हणाले. थोडं थांबून, शब्द शोधत, "गर्ल… इट राईस."

जेवतेय. माझी मुलगी जेवतेय. मी सिंकच्या कडेला धरून उभी राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "ओके," मी म्हटलं. "ओके. थँक्यू. ओके." दुसरं काही येतच नव्हतं मला.

मला वाटलं, आता फोन ठेवतील. ठेवला नाही. त्यांच्याजवळचे शब्द संपले होते, माझ्याजवळचेही. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा ओतल्याचा. पहिलं पाणी टाकलं, हे मला कळलं.

मी खांद्याने फोन कानाशी धरला, बॅगेतलं पाकीट दाताने फोडलं आणि चार गोळ्या मगमध्ये टाकल्या. पहिलं पाणी सिंकमध्ये ओतलं, दुसरं घेतलं. पलीकडून फुरका ऐकू आला, मोठा, लांब, नेहमीचा.

पँट्रीत आमच्या ऑफिसातली दोन माणसं जेवण गरम करत उभी होती. मी मग तोंडाला लावला आणि त्यांच्यादेखत, फोनवर ऐकू जाईल असा, जोरात फुरका मारला.